बॅटरीच्या गाळ्यातलं शिसं: अंगात आणि घरात जाण्यापासून कसं अडवायचं

दुपारी गाळ्यातलं काम थांबतं. प्लेटा काढणारा हात पँटीला पुसला जातो, खिशातून पुडी निघते, डाव्या तळव्यावर तंबाखू, त्यावर नखभर चुना, आणि उजव्या अंगठ्याने मळणं सुरू. तळव्याच्या रेषांमध्ये बसलेली राखाडी भुकटी त्या तंबाखूत मिसळते आणि चिमटीसकट ओठाखाली जाते. बॅटरीच्या धंद्यात शिसं शरीरात शिरण्याचा सगळ्यात सरळ रस्ता हा. धूर दिसतो म्हणून धुराची भीती वाटते. भुकटीची कुणालाच वाटत नाही.

ही माहिती दोन-चार माणसांच्या गाळ्यांसाठी आहे: जिथे इन्व्हर्टरच्या, रिक्षाच्या, ट्रकच्या बॅटऱ्या उघडल्या जातात, प्लेटा बदलतात, टर्मिनल ओततात किंवा जोडतात. मोठ्या कारखान्यात यासाठी सेफ्टी ऑफिसर असतो. गाळ्यात मालकच सगळं, त्यामुळे खालच्या बहुतेक गोष्टी कमी खर्चात जमतील अशाच निवडल्या आहेत.

नक्की कशाला जपायचं

150 ॲम्पियर-अवरची ट्यूब्युलर बॅटरी ॲसिडसकट पन्नास किलोच्या पुढे जाते, आणि त्यातलं साधारण निम्मं वजन शिशाचं आणि त्याच्या संयुगांचं. पण शिशाची घट्ट जाळी किंवा टर्मिनलचा ठोकळा हातात धरला म्हणून लगेच काही होत नाही. त्रास आहे तो प्लेटवरच्या लेपाचा. पॉझिटिव्ह प्लेटवरचा तपकिरी, निगेटिव्हवरचा राखाडी, जुन्या बॅटरीत सल्फेटचा पांढरा थर आणि कंटेनरच्या बुडाशी बसलेला काळपट गाळ. ओला असताना हा लेप चिखलासारखा असतो, वाळला की पिठासारखा उडतो.

किती भुकटी म्हणजे जास्त? अमेरिकेत 2019 साली घराच्या जमिनीसाठी मर्यादा ठरवली होती ती चौरस फुटाला 10 मायक्रोग्रॅम. दहा बाय दहाच्या खोलीचा हिशोब केला तर होतात 1,000 मायक्रोग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅम. म्हणजे एका ग्रॅमभर शिशात अशा हजार खोल्या मर्यादेला टेकतील. बुटाच्या तळव्याला चिकटून एक ग्रॅम घरी येणं अवघड नाही.

गिळलेल्या शिशापैकी मोठ्या माणसाचं शरीर साधारण दहावा हिस्सा शोषतं, लहान मुलाचं निम्म्यापर्यंत. पोट रिकामं असेल तर दोघांचंही जास्त. श्वासातून फुफ्फुसात खोल गेलेले बारीक कण मात्र जवळजवळ सगळेच रक्तात उतरतात. रक्तातून ते हाडात जातं आणि तिथे वर्षानुवर्षं राहतं.

आधी भुकटी उठूच द्यायची नाही

मास्क हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. पहिला उपाय पाणी.

बॅटरी उघडण्याआधी ॲसिड प्लास्टिकच्या झाकणाच्या ड्रममध्ये काढून घ्या. झाकण काढलं की प्लेटांचे गट तसेच उचलून पाण्याच्या टबात ठेवायचे. सेपरेटर (प्लेटांमधले पडदे) सोडवणं, खराब प्लेट वेगळी करणं, गाळ झटकणं, जे काही करायचं ते टबात, पाण्याखाली. टबाबाहेर काढलेली प्लेट वाळायला लागली की स्प्रेच्या बाटलीने भिजवा. काढलेल्या प्लेटा उन्हात पसरून वाळवणं हा सगळ्यात वाईट प्रकार. वाऱ्याबरोबर ती भुकटी शेजारच्या चहाच्या टपरीपर्यंत पोचते.

गंजलेलं टर्मिनल साफ करताना थेट वायर ब्रश मारू नका. खाण्याचा सोडा पाण्यात कालवून (लिटरला साधारण 100 ग्रॅम) टर्मिनलवर ओता, फेस बसू द्या, मग ओल्यातच ब्रश फिरवा आणि टिश्यूने पुसून तो टिश्यू पिशवीत टाका. हे पाणी बॅटरीच्या सेलमध्ये जाता कामा नये, म्हणून बुचं आधी घट्ट लावा. घरी गाडीची बॅटरी स्वतः साफ करणाऱ्यांनाही हेच लागू.

एका ठिकाणी मात्र ओलेपणाच धोक्याचा. बर्निंग करताना, म्हणजे प्लेटांचे कान पट्टीला वितळवून जोडताना, कान ओला राहिला तर वितळलेल्या शिशाखाली पाण्याची वाफ होते आणि शिसं उडतं, बहुतेक वेळा डोळ्यांच्या दिशेने. म्हणून घासायचं ओल्यात, मग फडक्याने पूर्ण कोरडं करायचं, मग ज्योत लावायची. गॉगल घालूनच.

झाडू गाळ्यातून हद्दपार करा. दोन बादल्या ठेवा: एकीत साबणाचं पाणी, दुसरीत साधं. पोछा पहिल्या बादलीतून काढून पुसायचं, दुसरीत खळबळून पिळायचं, मगच परत पहिलीत. एकच बादली असली की दोन हातांनंतर तुम्ही शिशाचं पाणीच जमिनीवर पसरवत असता. जमीन गुळगुळीत हवी. उखडलेल्या कोब्याच्या भेगांत साचलेली भुकटी कितीही पुसली तरी निघत नाही, तेव्हा आधी भेगा बुजवा. पुसण्याचं पाणी गटारात न ओतता एका ड्रममध्ये साठवून स्थिर होऊ द्या. बुडाशी बसलेला गाळ जुन्या प्लेटांसोबत रिसायकलरकडे जाईल.

आणि कॉम्प्रेसर. बॅटरीच्या दुकानाशेजारी टायरचं दुकान असतं, किंवा दोन्ही एकाच मालकाची. संध्याकाळी हवेचा पाइप घेऊन शर्ट-पँटवर, केसांवर, टेबलावर हवा मारायची सवय जिथे आहे, तिथे दिवसभराची सगळी काळजी त्या दोन मिनिटांत वाया जाते. खाली बसलेली भुकटी नेमकी नाकाच्या उंचीवर आणली जाते. घरगुती व्हॅक्युम क्लीनरही नको, बारीक कण त्याच्या पिशवीतून आरपार मागून बाहेर येतात. हेपा फिल्टरचा, म्हणजे अगदी बारीक कणही अडवणारा, औद्योगिक व्हॅक्युम असेल तरच वापरा.

शिसं वितळवणं

जुन्या प्लेटा वितळवून शिसं काढणं हे काम गाळ्यात करूच नका. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ते काम नोंदणीकृत रिसायकलरचं आहे, आणि नियम बाजूला ठेवला तरी लेपासकट प्लेट कढईत टाकणं म्हणजे गाळ्यात जी काही भुकटी आहे ती सगळी चुलीवर ठेवणं. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारॉय-सुर-मेर या वस्तीत 2007-08 च्या काही महिन्यांत 18 मुलं दगावली. तिथे लोक जुन्या बॅटऱ्या फोडून, माती चाळून शिसं गोळा करत होते.

टर्मिनल ओतायला किंवा बर्निंगला स्वच्छ शिशाची कांडी वापरता तेव्हा तापमानाकडे लक्ष ठेवा. शिसं 327 अंश सेल्सिअसला वितळतं. 400 च्या आसपास ओतायला पुरेसं पातळ होतं. 500 च्या पुढे धूर झपाट्याने वाढतो, आणि तो धूर डोळ्यांना दिसेलच असं नाही. वर पिवळसर थर धरायला लागला की समजायचं, जास्त तापतंय. ज्योत कमी करा. कढईवरची मळी काढताना ती आपटून झटकू नका, हळूच झाकणाच्या डब्यात सोडा आणि झाकण लावा. त्या मळीतच सगळ्यात बारीक भुकटी असते.

हवा कुठून कुठे जाते

बहुतेक गाळ्यांत एक्झॉस्ट फॅन मागच्या भिंतीत वर, कारागीर टेबलाकडे तोंड करून बसलेला, आणि फॅन त्याच्या पाठीमागे. मग टेबलावरचा धूर त्याच्या तोंडावरून जाऊनच बाहेर पडतो. टेबल फिरवा: काम मध्ये, फॅन कामाच्या पलीकडे, माणूस ताज्या हवेच्या बाजूला. छताचा पंखा बर्निंग चालू असताना आणि प्लेटा हाताळताना बंद. उकाडा होतो हे खरं आहे, म्हणून हे काम सकाळी लवकर उरकणारे गाळे शहाणे.

खेचणारं नळकांडं लावत असाल तर ते कामाला चिकटून हवं. सहा इंची पाइपच्या तोंडापासून सहा इंच लांब गेलात की खेचण्याचा वेग तोंडाशी असतो त्याच्या दहाव्या हिश्श्यावर येतो. तपासायचं असेल तर उदबत्ती लावून कामाच्या जागी धरा. धूर सरळ पाइपात शिरला पाहिजे. तुमच्याकडे वळला किंवा घुटमळला तर पाइप जवळ आणा. आणि बाहेरचं तोंड शेजाऱ्याच्या खिडकीत नको, वाटेत फिल्टर हवा.

मास्क

रुमाल, कापडी मास्क आणि निळा सर्जिकल मास्क यांचा इथे उपयोग नाही. ओल्या कामाला, पुसापुशीला चांगला एन-95 किंवा एफएफपी-2 चालतो. बर्निंग, घासकाम, मळी काढणं यासाठी रबरी अर्धमुखी मास्क आणि त्यावर पी-100 किंवा पी-3 फिल्टर घ्या. ॲसिडच्या वाफेसाठी म्हणून मिळणारं नुसतं गॅस कार्ट्रिज शिशाचे कण अडवत नाही. दुकानदार दोन्ही एकाच बरणीतून काढून देतो, तेव्हा डब्यावर पाहून घ्या.

दाढी असेल तर मास्क चेहऱ्याला चिकटत नाही, आणि कडेने जाणारी हवा फिल्टरमधून जात नाही. मास्क गळ्यात लोंबकळत ठेवायचा नाही, आतल्या बाजूला भुकटी बसते आणि पुढच्या वेळी तीच नाकाशी येते. काम संपलं की हात धुऊन मास्क उतरवा, ओल्या टिश्यूने पुसून झाकणाच्या डब्यात ठेवा.

हात, डबा, कपडे

गाळ्यात पैसे कमी असतील तर ते सगळे इथे घाला: एक नळ, एक बेसिन, दोन कप्प्यांचं कपाट, आणि जमल्यास न्हाणी.

खाणं, पाणी, चहा, तंबाखू, बिडी हे सगळं कामाच्या जागेबाहेर. पाण्याची बाटली टेबलावर नको, कारण तिचं बूच हाताने उघडता आणि मग ओठ लावता. बिडीचं दुहेरी नुकसान आहे: बोटांची भुकटी टोकाला लागते आणि जळत्या टोकाकडे गेलेली तापून धुरासोबत आत जाते.

हात धुताना आधी पाण्याखाली नुसते खळबळून घ्या, मग साबण, मग नखं मऊ ब्रशने, मग पुन्हा साबण. नखं बारीक कापलेली हवीत. नुसत्या साबणाने सगळं शिसं निघत नाही, तळव्याच्या भेगांत थोडं उरतंच. म्हणून हात धुतल्यावरही डबा चमच्याने खा. पोळी-भाजी चमच्याने खायची म्हणजे थोडं विचित्रच, पण निदान पोळीला कागद गुंडाळून धरा.

संध्याकाळचा क्रम असा ठेवा, कारण तो उलटा झाला की धुतलेल्या हाताने पुन्हा घाणेरडे कपडे काढावे लागतात:

1. बूट गाळ्यातच काढा. ते घरी कधीच जात नाहीत.
2. कामाचे कपडे न झटकता, आतून बाहेर गुंडाळत काढा आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातल्या पिशवीत टाका.
3. मास्क कपड्यांनंतरच, हात धुऊन उतरवा.
4. डोक्यावरून आंघोळ. न्हाणी नसेल तर निदान केस, चेहरा, मान, कोपरापर्यंत हात.
5. वरच्या कप्प्यातले घरचे कपडे घाला.
6. मोबाइल ओल्या टिश्यूने पुसा. दिवसभर त्याच हातांनी तो उचललेला असतो, आणि घरी गेल्यावर तो आधी पोराच्या हातात जातो. स्कूटरची किल्ली आणि हेल्मेटची पट्टीही.

कपडे गाळ्यातच धुवायची सोय करता आली तर उत्तम. घरी नेणं भागच असेल तर पिशवीचं तोंड बांधून न्या, ती पिशवी थेट बादलीत उलटी करा, घरच्या कपड्यांत मिसळू नका. मशीन असेल तर सगळ्यांत शेवटी टाका आणि नंतर एकदा रिकामी मशीन फिरवा. जी बाई कपडे झटकून भिजवते, तिच्या नाकातोंडात त्या दिवसाची भुकटी जाते, आणि ती गरोदर असेल तर पोटातल्या बाळापर्यंत.

माळ्यावर झोपणारे हेल्पर हा वेगळाच प्रश्न. खालची भुकटी वर जाऊन अंथरुणावर बसते आणि मग चोवीस तास सुट्टी नाही. राहायची सोय गाळ्याबाहेरच हवी.

गूळ आणि दूध

धुळीच्या कामाला संध्याकाळी गूळ द्यायचा ही आपल्याकडची जुनी रीत. गुळाने शिसं निघत नाही. दुधानेही नाही. शरीरात कॅल्शियम आणि लोह कमी असेल तर शिसं जास्त शोषलं जातं, एवढं मात्र खरं, म्हणून पोटभर नाश्ता करून कामाला लागणं, नाचणी, दूध, पालेभाज्या, डाळी यांचा उपयोग आहे. पण भुकटीच्या हाताने तोंडात टाकलेला गुळाचा खडा फायद्यापेक्षा तोटाच करतो.

रक्ताची तपासणी

पोटात कळा, बद्धकोष्ठ, डोकेदुखी, चिडचिड, सांधेदुखी, मनगट लुळं पडणं ही लक्षणं दिसेपर्यंत थांबलात तर फार उशीर झालेला असतो, आणि तेव्हाही पोटदुखीला गॅस समजून गोळी दिली जाते. डॉक्टरांना काम काय आहे ते आपणहून सांगा.

मागायची टेस्ट म्हणजे ब्लड लेड, शिरेतून घेतलेलं रक्त. बोटाला टोचून घेतलेल्या थेंबात बोटावरची भुकटी मिसळली तर आकडा फुगतो. केसांची टेस्ट करू नका, त्यातून उपयोगी काही कळत नाही. नव्या माणसाची टेस्ट कामावर येण्याआधी, मग पहिले तीन महिने दर महिन्याला, मग सहा महिन्यांनी. आकडा चढलेला असेल तर जास्त वेळा.

दोन चुका नेहमी होतात. पहिली एककाची: रिपोर्ट डेसिलिटरमध्ये आहे की लिटरमध्ये ते बघा. लिटरला 200 म्हणजे डेसिलिटरला 20. दुसरी वेळेची: रक्तातलं शिसं साधारण महिनाभरात निम्मं होतं. गणपतीला पंधरा दिवस गावी राहून आलेल्या माणसाचा आकडा ढोबळमानाने चौथ्या हिश्श्याने कमी दिसेल. टेस्ट भर कामाच्या दिवसांत करा.

आकडे डेसिलिटरला मायक्रोग्रॅममध्ये असे वाचा. 5 च्या वर गेला की जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या सूचनांनुसार शिसं येतंय कुठून हे शोधायला लागायचं. मोठ्या माणसाचा 10 ते 20 असेल तर काम थांबवायची गरज नसते, पण वरचं काहीतरी नीट पाळलं जात नाहीये. हात आणि तंबाखूपासून शोध सुरू करा. चार आठवड्यांच्या अंतराने दोनदा 20 किंवा त्यावर, किंवा एकदाच 30 आला, तर माणसाला शिशाच्या कामातून बाहेर काढा असा व्यवसायरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. परत घ्यायचं ते दोनदा 15 च्या खाली आल्यावर. अमेरिकेच्या 1978 च्या नियमात ही काढायची रेघ 50-60 वर होती, ती आता फार उंच मानली जाते. गरोदर किंवा मूल हवं असलेल्या बाईने या कामातच असू नये. पुरुषांतही शिशाने शुक्रजंतूंवर परिणाम होतो.

शिसं काढणारी औषधं, म्हणजे चिलेशन, हे फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली आणि काम बंद केल्यावरच. काम चालू ठेवून गोळ्या घेतल्या तर औषधामुळे आतड्यातून शोषण उलट वाढू शकतं. आयुर्वेदिक भस्म घेण्याआधी नाव विचारा: नाग भस्म हे शिशाचंच असतं.

कुणाच्या रक्तात शिसं जास्त सापडलं, तर त्याच्या घरातल्या सहा वर्षांखालच्या मुलांचीही टेस्ट लगेच करा. 1948 च्या कारखाना कायद्यात सरकारला कळवायलाच हवेत अशा आजारांची यादी होती, तिच्यात पहिलं नाव शिशाच्या विषबाधेचं होतं. ईएसआयचं (कामगार विमा योजनेचं) कार्ड असेल तर व्यवसायजन्य आजार म्हणून त्याचा हक्क लागतो, तेव्हा सगळे रिपोर्ट तारखेनिशी फाइलला लावून ठेवा.

ॲसिड, जुनी बॅटरी आणि गाळा सोडताना

बॅटरीतून काढलेल्या ॲसिडमध्ये शिशाचा गाळ असतो. सोडा टाकून आम्लपणा गेला तरी शिसं तिथेच राहतं, म्हणून ते गटारात ओतायचं नाही. ड्रममधून रिसायकलरकडे जाऊ द्या. जुन्या बॅटऱ्या उभ्या ठेवा, फुटलेली असेल तर प्लास्टिकच्या ट्रेमध्ये. भंगारवाला किलोला दोन रुपये जास्त देत असेल आणि ॲसिड ओतून आण म्हणत असेल, तर ती बॅटरी कुठेतरी उघड्यावर फुटणार आहे. नोंदणीकृत रिसायकलरची किंवा डीलरची पावती घ्या.

भाड्याचा गाळा सोडताना पुढचा भाडेकरू तिथे पोळी-भाजी केंद्रही काढू शकतो, हे धरून चाला. वरून खाली पुसत या: पंख्याची पाती, माळ्याची कड, वायरिंगची पट्टी, भिंती, मग जमीन. भिंतीचा रंग खरवडू नका, पुसून वर नवा रंग द्या. मातीची जागा असेल तर वरचा थर पोत्यांत भरून रिसायकलरकडे पाठवा आणि कोबा घाला. शटरच्या खाचा शेवटी, टूथब्रश आणि ओल्या फडक्याने. वर-खाली होणाऱ्या शटरने वर्षानुवर्षं भुकटी तिथेच दाबून भरलेली असते.